झगा उतरवलेला पाद्री

4 जानेवारी 1932. मुंबईतल्या गावदेवीच्या मणिभवनात पहाट व्हायच्या आधीच पोलीस आले. गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी गच्चीवरच्या तंबूत झोपले होते. त्याच गच्चीवर तिशीच्या उंबरठ्यावरचा एक इंग्रज होता आणि त्याच्यासोबत एक मराठी तरुण. सोमवार असल्यामुळे गांधीजींचं मौन होतं. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून. अटकेच्या त्या घाईतही त्यांनी या इंग्रजासाठी एक चिठ्ठी लिहिली. तिचा आशय असा, की माझं माझ्या देशबांधवांवर जितकं प्रेम आहे तितकंच तुझ्या देशबांधवांवरही आहे, हे त्यांना सांग.

हा इंग्रज अँग्लिकन चर्चचा दीक्षित पाद्री होता. ज्या साम्राज्याचा राजा त्याच्या चर्चचाही प्रमुख, त्या साम्राज्याचे पोलीस गांधीजींना घेऊन जात होते आणि हा मनानं गांधीजींच्या बाजूला उभा होता. त्याचं नाव व्हेरिअर एल्विन. मराठी तरुण म्हणजे शामराव हिवाळे. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघं मैकल पर्वतरांगांमधल्या एका गोंड खेड्यात राहायला गेले. त्यातून भारतातल्या आदिवासींविषयीचं विसाव्या शतकातलं सर्वांत विपुल आणि सर्वांत वादग्रस्त लेखन जन्माला आलं.

एल्विन यांची ओळख आपल्याकडे बहुधा मानववंशशास्त्रज्ञ म्हणून करून दिली जाते. मला ते आधी पाद्री म्हणून महत्त्वाचे वाटतात. पाद्र्याचं काम काय, हा प्रश्न त्यांनी ज्या प्रामाणिकपणे स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी जी किंमत मोजली, ती समजल्याशिवाय त्यांच्या पुस्तकांचं मर्म हाती लागत नाही.

बिशपचा मुलगा

एल्विन यांचा जन्म 29 ऑगस्ट 1902 रोजी इंग्लंडमधल्या डोव्हर इथे झाला. वडील एडमंड हेन्री एल्विन हे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे बिशप. 1909 मध्ये त्यांचं तिकडेच निधन झालं, तेव्हा व्हेरिअर सात वर्षांचे होते. आई कट्टर इव्हँजेलिकल पंथाची. बायबलमधला शब्द न् शब्द खरा, ख्रिस्त लवकरच परत येणार आणि तोवर जगातल्या अश्रद्धांना त्याच्या पायाशी आणायचं, या विश्वासाच्या वातावरणात मुलं वाढली.

चेल्टनहॅमच्या डीन क्लोज शाळेतून ते ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गेले. इंग्रजी साहित्यात पहिला वर्ग, पाठोपाठ धर्मशास्त्रातही पहिला वर्ग. 1926 मध्ये ऑक्सफर्डमधल्याच विक्लिफ हॉल या पाद्री घडवणाऱ्या संस्थेचे ते उपप्राचार्य झाले. वय जेमतेम चोवीस. पुढचा रस्ता आखलेलाच होता: प्राध्यापकी, ग्रंथ आणि बहुधा वडिलांसारखं बिशपपद.

पण ऑक्सफर्डमध्ये ते आईच्या पंथापासून दूर सरकले होते. मध्ययुगीन संतांची ध्यानपर परंपरा, उपासनेतलं सौंदर्य आणि सेंट फ्रान्सिसचं दारिद्र्यव्रत या गोष्टींनी त्यांना ओढून घेतलं होतं. जोडीला एक बोचही होती. भारताकडून घ्यायलाच आलेल्या इंग्रजांची परंपरा मोठी. आपण काही द्यायला जावं, झाल्या अन्यायाचं थोडं तरी प्रायश्चित्त घ्यावं, असं त्यांना वाटू लागलं. त्याच सुमारास पुण्याहून बोलावणं आलं.

पुण्याचा आश्रम

बोलावणारे होते जॅक विन्स्लो. हे अँग्लिकन पाद्री अहमदनगरच्या मिशनमध्ये काम करत होते. मिशनचा बंगला, साहेबी जेवण आणि नोकरचाकर यांच्या भिंतीआडून ख्रिस्ताचं बोलणं इथल्या माणसापर्यंत पोचत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. या जाणिवेमागे एक मराठी माणूस होता. 'स्मृतिचित्रे'मुळे आपल्या घरातलेच झालेले नारायण वामन टिळक. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला होता. ख्रिस्ताची भक्ती अभंगातून, कीर्तनातून, भारतीय वेषात आणि भारतीय मनानं करायची, पाश्चात्त्य चर्चच्या चौकटीची त्याला गरज नाही, असा तो विचार. 1919 मध्ये टिळक गेले. विन्स्लोंनी पुढे त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि 1922 मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. थोड्याच वर्षांत संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. इंग्रज आणि भारतीय बंधू एकत्र राहात, खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून शाकाहारी जेवण जेवत.

1927 च्या अखेरीस पंचवीस वर्षांचे एल्विन या आश्रमात दाखल झाले. त्यांचं आरंभीचं लेखन इथलंच. 1930 मध्ये ख्रिस्ती ध्यानमार्गावरचं आणि चौदाव्या शतकातल्या रिचर्ड रोल या इंग्रज साधूवरचं अशी त्यांची दोन पुस्तकं आली. इंग्लंडचे जुने संत आणि भारतातली भक्तिपरंपरा एकाच वाटेवरचे वारकरी आहेत, हा त्यांचा विश्वास त्यांतून दिसतो. शामराव हिवाळे त्यांना इथेच भेटले. ही मैत्री जन्मभराची ठरली.

जानेवारी 1928 मध्ये एल्विन एका सर्वधर्मीय परिषदेसाठी साबरमतीला गेले आणि बदलून परत आले. ज्या ख्रिस्ताचा शोध ते ग्रंथांमधून घेत होते, त्याच्या शिकवणुकीप्रमाणे जगू पाहणारा माणूस त्यांना तिथे दिसला, आणि तो ख्रिस्ती नव्हता. 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' हे पुस्तक लिहिलं. अहिंसक लढ्यात भाग घेणं ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाही, हे त्यांनी त्यात धर्मशास्त्राच्या आधारे मांडलं. मुंबईचे बिशप नाराज झाले, सरकारी दप्तरी नाव चढलं. आश्रमाला हा भार पेलणं अवघड होतं. 1931 मध्ये एल्विन यांनी संघ सोडला.

करंजियाचे बडे भाई

आता जायचं कुठे? सरदार पटेल आणि जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या बोलण्यातून गोंडांचं नाव पुढे आलं. मध्य प्रांतातल्या या लाखो माणसांकडे काँग्रेसचं लक्ष नव्हतं आणि सरकारचंही. जानेवारी 1932 च्या अखेरीस एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोचले. अमरकंटक जवळच; नर्मदा जिथे उगम पावते तो हा डोंगराळ मुलूख. मातीच्या भिंतींची झोपडी, एक छोटं प्रार्थनाघर, दवाखाना, शाळा आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी वसतिस्थान असा पसारा हळूहळू उभा राहिला. आश्रमाला नाव दिलं सेंट फ्रान्सिसचं, संस्थेला 'गोंड सेवा मंडळ'.

गावकरी एल्विनना 'बडे भाई' म्हणत आणि शामरावांना 'छोटे भाई'. हिवतापाच्या रोग्याला क्विनाईन द्यायचं, जखमा धुवायच्या, भांडणं मिटवायची, कोर्टकचेरीच्या कागदांत मदत करायची, ही रोजची कामं. माणसांत मिसळण्याची शामरावांची हातोटी विलक्षण होती. एल्विन लिहीत आणि शामराव संसार चालवत, असं म्हटलं तर शामरावांवर अन्याय होईल. त्यांनी स्वतः नर्मदाखोऱ्यातल्या परधान जमातीवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं, एल्विन यांचं चरित्रही लिहिलं. ती दोन्ही 1946 ची. एल्विन यांचे लोककथांचे आणि गाण्यांचे संग्रह शामरावांच्या कानांशिवाय आणि ओळखीपाळखीशिवाय झालेच नसते. या मराठी माणसाची आठवण आपण नीट ठेवलेली नाही, याची मला खंत वाटते.

एवढं सगळं करताना एल्विन एक गोष्ट मात्र करत नव्हते. ते कोणाला ख्रिस्ती करत नव्हते. हा प्रदेश नागपूरच्या बिशपच्या अखत्यारीत येत होता. पाद्री म्हणून परवाना हवा तर राजनिष्ठा दाखवावी आणि ख्रिस्ताचा उघड प्रचार करावा, अशी बिशपांची अपेक्षा होती. एल्विनना दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. बिशपांचीही बाजू होती. शुभवर्तमान सांगणं हे पाद्र्याचं पहिलं कर्तव्य, असं चर्च शतकानुशतकं मानत आलं होतं. पण गोंडांच्या शेजारी राहताना एल्विनना दिसलं, की या माणसांकडे स्वतःचे देव आहेत, जगाच्या उत्पत्तीच्या स्वतःच्या कथा आहेत, जन्ममरणाची स्वतःची समज आहे. ती खोटी ठरवून आपली देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नोव्हेंबर 1935 मध्ये त्यांनी पाद्रीपदाचा राजीनामा दिला. बिशपच्या घरात जन्मलेल्या, आईचं सारं स्वप्न ज्याच्यावर उभं होतं अशा मुलानं हे करणं सोपं नव्हतं. या निर्णयाविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत विजयाचा सूर कुठेच नाही. मूळ तुटल्याचं दुःख आहे.

कुऱ्हाड, भट्टी आणि गोटुल

यानंतरची पंधरा-वीस वर्षं एल्विन झपाटल्यासारखे लिहीत राहिले. 1936 मध्ये करंजियाच्या दिवसांची रोजनिशी, पुढच्या वर्षी कादंबरी आणि 1939 मध्ये त्यांना शास्त्रीय जगात नाव देणारा ग्रंथ, 'द बैगा'.

बैगा लोक 'बेवर' करत. आपल्याकडे जिला कुमरी म्हणतात त्याच जातीची ही फिरती शेती. डोंगरउतारावरची झाडं-झुडपं कुऱ्हाडीनं तोडायची, उन्हाळ्यात वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची आणि राख निवली की तिच्यात बी फेकायचं. नांगर नाही, बैल नाही. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचं, मागे जंगल पुन्हा वाढतं. बैगांच्या लेखी यामागे देवाची आज्ञा होती. धरती ही आई. नांगरानं तिची छाती फाडायची नाही, असं त्यांच्या मूळपुरुषाला बजावलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याला या जंगलातलं साल लाकूड दिसू लागलं आणि बेवर गुन्हा ठरली. 1890 मध्ये बैगांसाठी एक मर्यादित टापू राखला गेला, 'बैगा चक'. बाकी सगळीकडे कुऱ्हाड खाली ठेवा आणि नांगर धरा, असा हुकूम. एल्विननी दाखवलं, की यात पोटाइतकीच श्रद्धाही मोडली. आईच्या अंगावर नांगर घालावा लागलेल्या माणसाचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. आपल्या मंत्रांत आता जोर उरला नाही, असं म्हाताऱ्या बैगांना वाटू लागलं.

तीच गत अगरियांची. हे लोक मातीच्या भट्टीत लोखंड गाळत. सालच्या लाकडाचा कोळसा, डोंगरातला लोहदगड आणि पायानं दाबून चालवायचे दोन भाते. भात्यांवर उभं राहून एका पायावरून दुसऱ्यावर तोल टाकत तासन् तास वारा घालायचा. लोहासूर भट्टीत, कोयलासूर कोळशात, अग्यासूर आगीत. असुरांनाच दैवत मानणारी ही जमात. भट्टीवर कर बसला, कोळशावर निर्बंध आले, बाजारात कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं. 1942 मध्ये 'द अगरिया' छापून आलं तेव्हा एक प्राचीन विद्या विझत चालली होती आणि तिची सविस्तर नोंद करणारा माणूस एकटाच होता.

1947 मध्ये आला तो सर्वांत गाजलेला ग्रंथ, बस्तरच्या मुरिया गोंडांवरचा आणि त्यांच्या गोटुलवरचा. सातशेहून अधिक पानांचा. गोटुल म्हणजे गावातल्या अविवाहित मुलामुलींचं घर. मुलगे 'चेलिक', मुली 'मोटियारी'. प्रत्येकाला गोटुलमधलं वेगळं नाव आणि त्या नावाबरोबर जबाबदारी. कोणी सरपण आणायचं, कोणी झाडलोट पाहायची, गावात लग्न निघालं की सगळ्यांनी मिळून राबायचं. चेलिक लाकडी फण्या कोरून आपल्या मोटियारीला देई आणि ती त्या केसांत माळी. हे सगळं लिंगो देवानं घालून दिलेलं. या ग्रंथातलं लैंगिक स्वातंत्र्याचं वर्णन शहरी वाचकांनी चवीनं वाचलं, त्यावरून कुजबुज केली, पुढे बस्तरकडे कुतूहलाचे लोंढे वळले. एल्विनना सांगायचं होतं ते वेगळंच. मुलांना मालकी, मत्सर आणि एकटेपणा यांच्यापलीकडे नेणारी एक शिक्षणसंस्था या 'मागास' माणसांनी उभी केली आहे आणि तिच्यापासून आपण शिकावं, असा त्यांचा आग्रह होता.

घरातलं अपयश

एल्विन यांच्यावर प्रेम करणाऱ्यानंही कोसीविषयी बोललंच पाहिजे. एप्रिल 1940 मध्ये त्यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी लग्न केलं. ती त्यांच्याच शाळेची विद्यार्थिनी, वयानं फार लहान. मोठा मुलगा झाला त्याचं नाव जवाहरलाल ठेवलं. लग्न टिकलं नाही. 1949 मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात घटस्फोट झाला. पुढे एल्विननी पाटणगढच्या लीला यांच्याशी लग्न केलं आणि तो संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला. कोसीचं उरलेलं दीर्घ आयुष्य मात्र गरिबीत गेलं.

आत्मचरित्रात पहिल्या लग्नाविषयी मोजक्या ओळी आहेत. त्यांत वेदना आणि अपयश यांची कबुली आहे, पण कोसीची बाजू नाही. हजारो आदिवासींचं म्हणणं कानात प्राण आणून ऐकणाऱ्या माणसाच्या पुस्तकांत घरातल्या आदिवासी स्त्रीचा आवाज उमटला नाही. एल्विन यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही हा दोष लहान म्हणता येत नाही. जमातीवर प्रेम करणं आणि एका माणसाशी न्यायानं वागणं या दोन परीक्षा आहेत. एकीतल्या गुणांनी दुसरीतली उणीव भरून निघत नाही.

मालवणचे घुर्ये आणि हा इंग्रज

'द बैगा'मध्ये एल्विननी एक सूचना केली होती: बैगांसाठी राखीव मुलूख ठेवावा, जिथे बाहेरचा सावकार, ठेकेदार आणि वनरक्षक पोचणार नाही. त्यांनी त्याला 'नॅशनल पार्क' म्हटलं आणि टीकेचं मोहोळ उठलं. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवणार का, असं राष्ट्रीय नेते विचारू लागले. ठक्करबाप्पांसारखा आयुष्यभर आदिवासींसाठी झिजलेला सेवकही विरोधात गेला.

सर्वांत भक्कम उत्तर आलं मुंबई विद्यापीठातून. मालवणात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1943 मध्ये आदिवासींच्या भवितव्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की या जमाती शतकानुशतकं हिंदू समाजाशी देवाणघेवाण करत आल्या आहेत; त्यांना 'आदिम' म्हणून वेगळं काढणं हा ब्रिटिशांच्या फूट पाडण्याच्या धोरणाचा भाग आहे. ते 'मागासलेले हिंदू' आहेत आणि त्यांचं भलं समाजात मिसळण्यातच आहे.

घुर्यांचा संशय निराधार नव्हता. आदिवासी मुलूख नेहमीच्या कारभारातून वगळून 'बहिष्कृत क्षेत्रं' आखणाऱ्या सरकारचा हेतू निर्मळ होता असं कोण म्हणेल? पण मिसळायचं कोणत्या पायरीवर, याचं उत्तर घुर्यांच्या मांडणीत पुरेसं मिळत नाही. जमीन गेलेला, जंगल गेलेला, कर्जात बुडालेला गोंड समाजात मिसळतो तो तळाशी, मजूर म्हणून. एल्विन हेच सांगत होते. आणि एल्विन यांच्या मांडणीत जे कच्चं होतं ते पुढे त्यांनी स्वतःच सुधारलं. कुंपणाची भाषा त्यांनी सोडली, कारण रस्ता आणि शाळा कधीतरी येणारच. प्रश्न एवढाच, की त्या आल्यावर निर्णय कोणाचा?

सरकारातला मिशनरी

स्वातंत्र्यानंतर बहुतेक इंग्रज परतले. एल्विन राहिले. 1946 पासून काही वर्षं ते भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे उपसंचालक होते. 1954 मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्याच वर्षी नेहरू सरकारनं त्यांना ईशान्य सीमा प्रदेशाचे (नेफाचे), म्हणजे आजच्या अरुणाचलचे, आदिवासीविषयक सल्लागार नेमलं. मुक्काम शिलाँगला, पण पाय सतत डोंगरवाटांवर.

इथे त्यांना प्रथमच धोरण घडवण्याची संधी मिळाली. बाहेरच्यांना इथे जमिनी घेऊ द्यायच्या नाहीत, अधिकाऱ्यांनी स्थानिक भाषा शिकायच्या, इथल्या विणकरांचे माग चालू ठेवायचे, शाळा आणि दवाखाने गावच्या घरांसारखे दिसले पाहिजेत, अशा बारीक बारीक गोष्टींवर ते अधिकाऱ्यांशी बोलत. 1957 मध्ये 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' हे छोटं पुस्तक आलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला नेहरूंनी लिहिलेल्या प्रस्तावनेतली पाच तत्त्वं आदिवासी धोरणाचं पंचशील म्हणून ओळखली जातात. लोकांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे वाढावं. जमीन आणि जंगलावरचा त्यांचा हक्क मानावा. त्यांच्यातलीच माणसं तयार करावीत. कारभाराचं ओझं लादू नये. आणि यश मोजायचं ते खर्चाच्या आकड्यांवरून नाही, घडलेल्या माणसांवरून.

1962 च्या चिनी आक्रमणानंतर टीकाकारांनी पुन्हा उचल खाल्ली. या प्रदेशाला वेगळं ठेवल्यानं सीमा दुबळी राहिली, असं ते म्हणत. एल्विन थकले होते, हृदयविकार जडला होता. पद्मभूषण 1961 मध्येच मिळाला होता. 22 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. उत्तरायुष्यात ते बौद्ध विचाराकडे झुकले होते. अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीनं झाले. आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी काय उरलं

एल्विन आणि शामराव पुढे जिथे राहिले त्या पाटणगढ गावात 1960 च्या दशकात जनगढसिंह श्याम नावाचा परधान मुलगा जन्मला. देवतांची गाणी गाणाऱ्या जमातीच्या त्या मुलानं पुढे भोपाळच्या भारत भवनात त्याच देवतांना रंगात आणलं आणि गोंड चित्रकला जगभर पोचली. एल्विन यांच्या दाव्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही. ज्यांना आपण काहीतरी शिकवायला निघतो, त्यांच्याकडे आधीच एक विश्व असतं.

महाराष्ट्रातही याचा पडताळा मिळतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं आपली गोटुल परंपरा पुन्हा उभी केली, सर्वांच्या संमतीनं निर्णय घ्यायची पद्धत बसवली आणि वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ती राखीव कुंपणाची भाषा नाही आणि विरघळून जाण्याचीही नाही. घुर्ये आणि एल्विन यांच्या वादाला त्या गावानं आपल्या परीनं दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते गोंडांनीच दिलं, हे त्यातलं सर्वांत मोलाचं.

एल्विन यांनी पाद्र्याचा झगा उतरवला, पण पाद्र्याचं जे मूळ काम, दुबळ्याच्या शेजारी जाऊन बसणं आणि त्याचं ऐकून घेणं, ते त्यांनी सोडलं नाही. स्वतःच्या घरात ते त्यात चुकले. घराबाहेर तीस वर्षं ते त्यांनी निष्ठेनं केलं. आज गडचिरोलीत खाणी येत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि आदिवासींच्या भल्याची भाषा सगळेच बोलतात. त्या भाषेची पारख करायला एल्विन यांचा एकच निकष मला पुरेसा वाटतो: भलं करायला आलेला माणूस आधी किती दिवस ऐकत बसला?